मोठी टाकी आणि जुना स्पंज

मे महिन्यात रायपूरमधल्या कुठल्याही घरातल्या कूलरची जाळी काढून पाहा. आतल्या गवताच्या पट्ट्यांवर पांढरा, खरखरीत थर बसलेला दिसेल. घरात बोअरचं पाणी असेल तर जाड, नळाचं असेल तर पातळ. हा चुना आहे. हे शहर छत्तीसगडच्या खोऱ्यातल्या अतिप्राचीन चुनखडकावर वसलं आहे. भूशास्त्रज्ञ त्या थराला ‘चांदी चुनखडक’ म्हणतात, आणि तिल्दा-बलौदाबाजारकडचे सिमेंटचे कारखाने याच खोऱ्यातल्या चुनखडकावर चालतात. जमिनीत मुरलेलं पावसाचं पाणी त्या खडकाच्या फटींतून फिरताना चुना विरघळवून घेतं आणि जड होऊन बोअरमधून वर येतं.

घरातले मासे मोठ्या टाकीत हलवायचे ठरलं की काच किती जाडीची घ्यावी, दिवा कुठला लावावा, मासे पकडावेत कसे, अशी चर्चा सुरू होते. माझ्या मते ती या पांढऱ्या थरापासून सुरू व्हायला हवी. दोन फुटांच्या टाकीतून चार फुटांच्या टाकीत जाणारा मासा खरं तर एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जात असतो. पहिलं पाणी महिनोन्‌महिने त्याच्यासोबत मुरलेलं असतं. दुसरं एका सकाळी पाइप लावून भरलेलं असतं.

किती पाणी, ते मोजून पाहू. दुकानात टाकीचं माप फुटांत सांगतात. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत ५६ लिटर पाणी मावतं. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकीत २५५ लिटर. लांबी दुप्पट झाली, बाकीची दोन मापं दीडपट, आणि पाणी साडेचारपट. जुन्या टाकीतलं पाणी थेंबभर न सांडता नवीत ओतलं तरी दोनशे लिटर नवंच राहणार.

तरीही मोठी टाकी घ्यावीच. रायपूरच्या उन्हाळ्यात तर नक्की. मेमध्ये पारा ४४-४५ अंशांवर जातो, आणि वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमधली छोटी टाकी दुपारी तीनच्या सुमारास ३३-३४ अंशांपर्यंत तापू शकते. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो: २५ अंशांना लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅम, ३५ अंशांना सातच्याही किंचित खाली. नेमकी त्याच वेळी माशाच्या शरीराची गरज वाढलेली असते. पाणी जास्त असेल तर ते हळू तापतं, रात्री हळू निवतं. एखाद्या दिवशी खाणं जास्त पडलं किंवा एखादा मासा मागच्या दगडाआड मरून पडला, तर त्याचं विषही साडेचारपट पाण्यात विरळ होतं. ‘टाकीएवढाच मासा वाढतो’ हा समज मात्र मनातून काढून टाकावा. ऑस्कर फूटभर होतो. गोल्डफिशही नीट वाढला तर वीतभर सहज होतो. लहान टाकीत तो लहान राहतो, कारण घाण पाण्यात त्याची वाढ खुंटलेली असते. त्याला त्यात सोय वाटते असं समजण्याचं काही कारण नाही.

दोन वॉरिंग्टन

टाकी म्हणजे काच, पाणी आणि मासे एवढंच नसतं, हे कळायला माणसाला बराच वेळ लागला. लंडनच्या अपॉथेकरीज हॉलमध्ये काम करणारे रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५०च्या सुमारास काचेच्या मोठ्या भांड्यात दोन छोटे गोल्डफिश, तळाशी वाळू-माती आणि लांब पट्टीच्या पानांची व्हॅलिस्नेरिया ठेवली. वनस्पती प्राणवायू देईल, मासा जगेल, असा त्यांचा कयास होता. काही दिवसांनी जुनी पानं कुजायला लागली आणि पाणी बिघडलं. मग त्यांनी कुजकी पानं खाणाऱ्या गोगलगायी आणून सोडल्या, आणि भांडं स्थिरावलं. पाणी न बदलता मासे जगू शकतात हे त्यांनी दाखवलं. घरातल्या मत्स्यालयाची आधुनिक कल्पना तिथून पुढे पसरली.

त्यांच्या मुलाचं नावही रॉबर्ट वॉरिंग्टनच. तो इंग्लंडमधल्या रोदमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात काम करत होता आणि त्याचा विषय होता शेतातल्या मातीत अमोनियाचं नायट्रेट कसं होतं. हे काम मातीतले जंतू करतात, आणि ते दोन टप्प्यांत, दोन वेगळ्या जंतूंकडून होतं, हे त्यानं दाखवलं. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट. हे जंतू वेगळे काढून वाढवण्यात यश आलं ते सर्गेई विनोग्राद्‌स्की या रशियन शास्त्रज्ञाला, १८९०मध्ये झुरिचमध्ये. वडिलांच्या भांड्यातल्या वाळूवर, काचेवर, पानांवर हे जंतू पहिल्यापासून होते. त्यांना दिसत होते ते गोल्डफिश आणि गोगलगायी. भांडं चालवण्यातलं निम्मं श्रेय ज्यांना जायला हवं त्यांचा माग मुलानं मातीत काढला, ही गोष्ट मला फार विलक्षण वाटते.

मासा जे खातो त्यातल्या प्रथिनांचा बराचसा नायट्रोजन तो कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपात पाण्यात सोडतो. अमोनिया विषारी, नायट्राइटही विषारी, नायट्रेट त्या मानानं सौम्य. पाणी बदलताना आपण मुख्यतः हे नायट्रेट बाहेर काढतो. आधीची दोन विषं रोजच्या रोज संपवण्याचं काम जंतू करतात आणि ते राहतात पृष्ठभागाला चिकटून: स्पंजच्या छिद्रांत, सिरॅमिक रिंगांवर, खडीवर, काचेवर. पाण्यात ते नावापुरते सापडतात. म्हणून ‘जुनं पाणी घातलं की टाकी तयार’ हा सल्ला अपुरा आहे. जुन्या पाण्याचा उपयोग वेगळा आहे, त्याकडे पुढे येऊ.

या जंतूंची ओळख अजून पुरती झालेली नाही, आणि गंमत अशी की नवी ओळख पुन्हा टाक्यांतूनच होते आहे. २००५मध्ये अमोनियावर जगणारा एक सूक्ष्मजीव शुद्ध स्वरूपात वाढवण्यात आला. तो जिवाणू नव्हता, आर्किआ या वेगळ्याच घराण्यातला होता, आणि तो मिळाला अमेरिकेतल्या सिएटल शहराच्या मत्स्यालयातल्या एका टाकीतून. नंतर २०१५मध्ये नेदरलँड्समधल्या शास्त्रज्ञांना मत्स्यपालनाच्या एका फिल्टरमध्ये असा जिवाणू सापडला की जो दोन्ही टप्पे एकटाच पार पाडतो. दोन कामांना दोन जंतू लागतात, हा शंभर वर्षांहून जुना समज त्यानं बदलला.

आपल्या कामाची गोष्ट यापुढची. जंतूंची संख्या ठरते ती अन्नावर, म्हणजे माशांनी सोडलेल्या अमोनियावर. पाणी किती लिटर आहे याच्याशी तिचा संबंध नाही. पाच मासे, तेवढंच खाणं, तेवढाच अमोनिया, तर जंतूही तेवढेच लागणार, मग टाकी ५६ लिटरची असो की २५५ची. याचा अर्थ, जुना स्पंज, जुन्या रिंगा आणि जुनी खडी यांच्यासकट जंतूंची सगळी वसाहत त्याच दिवशी नव्या टाकीत गेली, तर नवी टाकी पहिल्या दिवसापासून जुनीच असते. चार-सहा आठवडे थांबून ती ‘पिकवण्याची’ गरज उरत नाही. माशांना मोठ्या टाकीत हलवण्यातलं मर्म इथे आहे, आणि घात होतो तोही इथेच. नव्या टाकीसोबत नवा फिल्टर येतो. नवा चकचकीत, जुना काळपट आणि बुळबुळीत. जुना टाकून दिला जातो, किंवा फार तर नळाखाली धुऊन पिशवीत भरून माळ्यावर जातो. आठवड्याभरात मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडमीट करायला लागतात आणि मग दोष दिला जातो दुकानदाराला, पाण्याला किंवा नशिबाला.

उत्तम उपाय म्हणजे नवा फिल्टर टाकीच्या आधी आणावा आणि तीन-चार आठवडे जुन्या टाकीवरच जुन्यासोबत चालवावा. छोट्या टाकीत त्याचा झोत जास्त होतो, म्हणून तोंड काचेकडे वळवावं. जंतू एकदा जोमात आले की त्यांची संख्या दुप्पट व्हायला साधारण एक दिवस लागतो. ऐकायला हे झटपट वाटतं, पण अनेक जिवाणू पोषक वातावरणात अर्ध्या-एक तासात दुप्पट होतात. त्या मानानं हे फारच संथ. २५ ते ३० अंश तापमान त्यांना मानवतं. या बाबतीत रायपूरची हवा आपल्या बाजूनं आहे.

नळाचं की बोअरचं

रायपूरच्या नळाला येणारं पाणी खारून नदीचं. उन्हाळ्यात नदी आटते तेव्हा धमतरीजवळच्या गंगरेल धरणातून, म्हणजे महानदीतून, कालव्यानं पाणी सोडून तिला आधार दिला जातो. नदीचं पाणी बोअरच्या मानानं हलकं असतं, पण शुद्ध करताना त्यात क्लोरीन मिसळलेलं असतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार, म्हणजे आयएस १०५०० नुसार, ग्राहकाच्या नळाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवं. आपल्या आरोग्यासाठी हे हवंच. पण याच्या एक-दशांश क्लोरीनही माशाच्या कल्ल्यांना त्रास देऊ शकतं, आणि स्पंजमधले जंतू मारण्यासाठी तर ते बनवलेलंच आहे. म्हणून स्पंज आणि खडी नळाखाली कधीही धुऊ नये. जुन्या टाकीतलं पाणी बादलीत काढावं आणि त्यातच हलक्या हातानं पिळावं.

क्लोरीन घालवण्याचे दोन मार्ग आहेत. पाणी उघड्या ड्रममध्ये एअर स्टोन लावून चोवीस तास ठेवणं हा एक. ‘अँटी-क्लोरीन’ म्हणून मिळणारे स्फटिक वापरणं हा दुसरा. हे स्फटिक म्हणजे सोडियम थायोसल्फेट, जुन्या फोटोग्राफरांचा हायपो. एक मिलिग्रॅम क्लोरीन संपवायला सुमारे सात मिलिग्रॅम हायपो लागतो. दोनशे लिटर पाण्यात लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन धरलं तर एक ग्रॅमही लागत नाही. पाइप फुटून दुरुस्ती झाली असेल किंवा पावसाळ्याच्या सुरुवातीला नदी गढूळ झाली असेल, तर त्या आठवड्यात पाण्याला ब्लीचिंगचा वास उग्र येतो. अशा वेळी मासे हलवायचं पुढे ढकलावं.

बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतं, पण त्याचे गुण वेगळे. खडकात दबून राहिलेल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड भरपूर आणि प्राणवायू कमी असतो. ताजं काढून लगेच मोजलं तर त्याचा सामू, म्हणजे पीएच, सातच्या जवळ दिसतो. रात्रभर हवा खेळली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि सामू आठकडे चढतो. चुन्याचा काही भाग पांढरा होऊन तळाशीही बसतो. त्यामुळे बोअरच्या पाण्याचं मोजमाप दुसऱ्या दिवशी घ्यावं.

सामूला इतकं महत्त्व अमोनियामुळे आहे. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. एक निरुपद्रवी अमोनियम, दुसरा विषारी मुक्त अमोनिया. २५ अंशांना सामू ७ असेल तर शेकडा अर्ध्याच्या आसपासच भाग विषारी रूपात असतो. तेच पाणी ३० अंशांवर आणि सामू ८ वर गेलं की विषारी भाग शेकडा सात-साडेसात होतो, म्हणजे बारा-तेरा पट. अमोनिया तेवढाच, पाणी तेवढंच, आणि कालपर्यंत चाललेली गोष्ट आज जीव घेते. रायपूरचा उन्हाळा आणि रायपूरचं बोअर एकत्र आलं की हेच गणित तयार होतं.

जुन्या टाकीचं पाणी मात्र बहुधा उलट्या दिशेला गेलेलं असतं. जंतू अमोनिया पचवताना आम्ल तयार करतात आणि ते आम्ल पाण्यातल्या कार्बोनेटला खात राहतं. घरच्या आरओचं पाणी वापरणाऱ्यांच्या टाकीत हे लवकर घडतं, कारण त्या पाण्यात कार्बोनेट जवळजवळ नसतंच. सामू साडेसहाच्या खाली उतरतो, जंतूंचं काम मंदावतं, अमोनियम साचत जातं. सामू उतरलेला असल्यामुळे ते विषारी होत नाही आणि मासे ठीक दिसतात. बोअरचं पाणी नुसतं वरून घालत राहणाऱ्यांच्या टाकीत दुसरंच होतं. बाष्प उडून जातं, क्षार मागे राहतात, आणि विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवरचा आकडा महिन्यागणिक चढत जातो. दोन्ही ठिकाणी मासा हळूहळू त्या पाण्याला सरावलेला असतो. त्याला एका मिनिटात दुसऱ्या पाण्यात सोडलं तर शरीरातल्या क्षारांचा आणि पाण्याचा तोल सांभाळताना तो थकतो. वरवर काही दिसत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पांढरे ठिपके उठतात किंवा पंख मिटलेले दिसतात.

माझा आग्रह असा, की मासे हलवण्याआधी पाणी जुळवून घ्यावं. नव्या टाकीत जे पाणी भरणार आहात त्याच पाण्यानं जुन्या टाकीतलं थोडं थोडं पाणी बदलायला दोन आठवडे आधीच सुरुवात करावी. दर तीन-चार दिवसांनी सहाव्या-सातव्या हिश्शाएवढं पुरतं. खिशात मावणारा टीडीएस मीटर घ्यावा. दोन्ही पाण्यांचे आकडे जवळ आले की मासे न हलताच निम्मा प्रवास करून मोकळे होतात. ज्या जुन्या पाण्याचा उपयोग मघाशी राखून ठेवला होता तोही हाच. हलवायच्या दिवशी नव्या टाकीचा काही भाग त्या पाण्यानं भरला तर उरलेला फरकही बोथट होतो.

सामू अमुकच हवा म्हणून बाटलीतली औषधं ओतत बसू नये. गप्पी, मोली, प्लॅटी, गोल्डफिश यांना इथलं जड पाणी छान मानवतं. निऑन टेट्रा किंवा डिस्कस पाळायचे असतील तर आरओचं आणि नळाचं पाणी ठरलेल्या प्रमाणात मिसळावं आणि ते प्रमाण कायम ठेवावं. माशाला आकड्यापेक्षा सातत्य जास्त हवं असतं.

सव्वातीनशे किलो

चार फुटांच्या टाकीत पाण्याचंच वजन अडीचशे किलो. दहा मिलिमीटरची काच धरली तर रिकामी टाकी पन्नास किलोच्या पुढे. खडी-दगड आणखी पंचवीस-तीस. सगळं मिळून सव्वातीनशे किलो सहा चौरस फुटांवर उभं राहतं. राहत्या खोलीचा स्लॅब साधारण दर चौरस मीटरला दोनशे किलो भार धरून आखलेला असतो, तोही सरासरी पसरलेला. म्हणून टाकी खोलीच्या मधोमध ठेवू नये. भिंतीलगत, बीमच्या जवळ ठेवावी. स्टँड लेव्हलमध्ये आहे का ते स्पिरिट लेव्हलनं पाहावं आणि काचेखाली थर्माकोल किंवा फोमची शीट घालावी. तळाखाली आलेला वाळूचा एक कणही काच तडकवू शकतो. पश्चिमेच्या खिडकीसमोर टाकी नको. तात्यापारा किंवा ब्राह्मणपाऱ्यातल्या जाड भिंतींच्या जुन्या घरांत जागा निवडायला वाव असतो. नव्या वसाहतींतल्या गच्चीखालच्या फ्लॅटमध्ये मात्र भिंतीसुद्धा संध्याकाळी उष्णता ओकतात, तिथे आतली भिंत निवडावी.

स्थानिक कारागिरानं चिकटवून दिलेली टाकी असेल तर सिलिकॉनला आठवडाभर वाळू द्यावं. व्हिनेगरसारखा वास पूर्ण गेला पाहिजे. बाथरूमसाठी मिळणाऱ्या सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक असतं, ते माशांना चालत नाही, एवढं कारागिराला आधी विचारून घ्यावं. मग टाकी काठोकाठ भरून दोन दिवस ठेवावी आणि जोडांवरून कोरडा कागद फिरवावा.

महिना कुठला निवडावा? दिवाळीनंतर ते होळीपर्यंत. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचं तापमान १२-१३ अंशांपर्यंत उतरतं, तेव्हा लिटरमागे एक वॉट या हिशेबानं हीटर लागेल. पण थंडीवर हीटरचा इलाज असतो, तसा उन्हावर सहजासहजी नसतो. मेअखेरीस सूर्य रोहिणी नक्षत्रात आला की जे नऊ दिवस नौतपा म्हणून ओळखले जातात, त्या दिवसांत तर टाकीला हातही लावू नये. टाकी फुटली किंवा गळायला लागली, तर नाइलाज. तशा वेळी पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा लावावा. कोरड्या हवेत बाष्पीभवन जोरात होतं आणि पाणी दोन-चार अंशांनी निवतं. जुलैच्या दमट हवेत हीच युक्ती फारशी चालत नाही. पंख्यामुळे घटलेलं पाणी आरओच्या पाण्यानं भरून काढावं, कारण क्षार टाकीतच राहिलेले असतात.

हलवायचा दिवस

सकाळी लवकर सुरुवात करावी. गच्चीवरच्या सिंटेक्समधलं पाणी दुपारी अंग भाजेल इतकं तापलेलं असतं, पहाटे ते बरंच निवलेलं असतं. आदल्या दिवशी माशांना खायला देऊ नये. रिकाम्या पोटी ते कमी घाण करतात, आणि बादलीतल्या थोड्या पाण्यात तेच महत्त्वाचं. ज्या बादलीला कधी साबण लागलेला नाही अशीच बादली घ्यावी. घरात ती नसेल तर नवी आणावी.

नवी टाकी अर्धी भरून, क्लोरीन घालवून, तापमान जुळवून आदल्या संध्याकाळपासूनच एअर पंपासह तयार ठेवलेली असावी. सकाळी जुन्या टाकीतलं वरचं स्वच्छ पाणी पाइपनं बादल्यांत काढून घ्यावं. मग दगड, झाडं, सजावट काढावी. मासे शेवटी. पाणी पाच-सहा इंच उरलं की त्यांना पळायला जागा राहत नाही. भरल्या टाकीत जाळी घेऊन पाठलाग केला तर मासा दमतो, काचेवर आपटतो, अंगावरचा चिकट थर खरवडला जातो. तोच थर त्याचा रोगांपासून बचाव करत असतो. जाळीनं मासा उचलण्याऐवजी हळूच हाकलत डब्यात घ्यावा आणि पाण्यासकट उचलावा. सकर माशाच्या बाबतीत हे फारच जपावं. त्याच्या पंखांचे काटे जाळीत अडकतात आणि ओढून सोडवताना पंख फाटतो. बादलीवर ओला पंचा किंवा झाकण टाकावं, कारण घाबरलेला मासा उडी मारतो. बादलीतही एअर स्टोन सोडावा.

मासे बाहेर निघाले की मगच खडी ढवळावी. जाड खडीच्या तळाशी प्राणवायू पोचत नाही, तिथे काळा थर साचतो, आणि ढवळताच कुजक्या अंड्यांचा वास येतो. तो हायड्रोजन सल्फाइड असतो. मासे आत असताना हा थर उपसणं म्हणजे त्यांना विष देणं. खडी जुन्या पाण्यात दोन-तीनदा खळबळून घ्यावी आणि नव्या टाकीत पसरावी. काळी पडलेली फार असेल तर निम्मीच न्यावी.

फिल्टरच्या स्पंजकडे या सगळ्या धांदलीत हमखास दुर्लक्ष होतं. पाण्याचा प्रवाह थांबला की बंद डब्यातल्या जंतूंचा प्राणवायू काही तासांत संपतो, उन्हाळ्यात त्याहून लवकर. स्पंज आणि रिंगा जुन्या पाण्यात, एअर स्टोनसोबत ठेवाव्यात आणि नव्या टाकीत आधी त्या लावाव्यात. फिल्टर सुरू झाला, पाणी फिरायला लागलं, की मग मासे. बादलीत नव्या टाकीचं पाणी पंधरा-वीस मिनिटांत थोडं थोडं मिसळावं. टीडीएसमधला फरक मोठा असेल तर एअर लाइनच्या नळीला सैल गाठ मारून थेंब थेंब, तासभर. आधी पाणी जुळवून ठेवलं असेल तर एवढा वेळ लागत नाही.

बाहेरून पिशवीत आलेल्या माशांना मात्र हा थेंबाथेंबाचा नियम लावू नये. हावडा-मुंबई लोहमार्गावर असल्यामुळे रायपूरला कोलकात्याकडून मासे येणं सोयीचं. आठशे किलोमीटरांचा तो प्रवास ते प्राणवायू भरलेल्या बंद पिशवीत, थर्माकोलच्या खोक्यात करतात. इतक्या तासांत पिशवीत अमोनिया साचतो, पण माशाच्या श्वासातून आलेल्या कार्बन डायऑक्साइडनं सामूही उतरलेला असतो, म्हणून तो अमोनिया निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडतो, सामू चढतो, आणि मासा साचलेल्या अमोनियात सापडतो. अशा माशांचं तापमान बंद पिशवी तरंगवून जुळवावं, पिशवी उघडल्यावर झटपट मासे बाहेर घ्यावेत आणि पिशवीतलं पाणी टाकीत न ओतता फेकून द्यावं. त्याच शहरातल्या दुकानातून अर्ध्या तासात घरी आणलेल्या माशाला ही घाई लागत नाही.

पुढचा महिना

पहिल्या दिवशी दिवा बंद, खाणं बंद. दुसऱ्या दिवसापासून नेहमीच्या निम्मं. अमोनिया आणि नायट्राइट मोजण्याचे थेंबांचे किट घेऊन दोन आठवडे एक दिवसाआड पाहावं. दोन्ही शून्य असतील तर वसाहत सुखरूप पोचली. अमोनिया दिसला तर चौथा हिस्सा पाणी बदलावं आणि खाणं आणखी कमी करावं.

नायट्राइट दिसलं तर आणखी एक साधा उपाय स्वयंपाकघरातच आहे. नायट्राइट कल्ल्यांवाटे रक्तात शिरतं आणि हिमोग्लोबिनला प्राणवायू धरू देत नाही. रक्त तपकिरी पडतं, आणि पाण्यात भरपूर प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. मिठातलं क्लोराइड कल्ल्यांच्या त्याच वाटेनं आत जातं. ते पुरेसं असलं की नायट्राइटला वाट मिळत नाही. लिटरमागे एक ग्रॅमच्या आत, म्हणजे चार फुटांच्या टाकीला जास्तीत जास्त पाव किलो मीठ, पाण्यात विरघळवून दिवसभरात हळूहळू घालावं.

या महिन्यात नवे मासे आणू नयेत. टाकी मोठी, रिकामी दिसते, घरातली मुलं मागे लागतात, हे खरं. पण जंतू जुन्या माशांपुरतेच आहेत, जागा कितीही असली तरी. महिन्यानंतर दोन-तीन मासे आणावेत, मग दोन-तीन आठवडे थांबून पुढचे.

जुनी दोन फुटांची टाकी विकू नये. नव्या माशांना मोठ्या टाकीत सोडण्याआधी तीन आठवडे वेगळं ठेवायला आणि आजारी माशावर औषध करायला तिच्याइतकी चांगली जागा नाही. तिचा छोटा स्पंज एरवी मोठ्या टाकीच्या कोपऱ्यात चालू ठेवावा, म्हणजे लागेल तेव्हा छोटी टाकी तासाभरात तयार होते. आणि वाढलेला सकर किंवा नकोसा झालेला मासा बूढा तालाबात किंवा तेलीबांधा तलावात सोडून येऊ नये. दक्षिण अमेरिकेतला हा सकर महाराष्ट्रात उजनीच्या जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यांत येतो आहे. तो जाळी फाडतो आणि त्याला गिऱ्हाईक मिळत नाही. मासा सांभाळणं जमत नसेल तर दुकानदाराला किंवा मोठी टाकी असलेल्या दुसऱ्या कुणाला द्यावा, आणि देताना त्याच्या टाकीतल्या पाण्याचा टीडीएसही सांगावा.